फेरिकचं पाणी

मावशीच्या घरात इस्त्री एकच होती. जड बुडाची, काळ्या मुठीची, वायरीवर सुती वीण असलेली. तिच्यावर पहिला हक्क मावसाजींच्या पांढऱ्या सदऱ्यांचा आणि दुसरा वंदाताईचा, म्हणजे मावशीच्या लेकीचा, ती मुलताईहून माहेरी आली तर. माझा त्या घरात कशावरच हक्क नव्हता. हे मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून तर ते जास्तच पाठ झालं होतं. मी रामाकोन्याचा. नववीत नापास झालो आणि परत वर्गात बसलोच नाही. वडील नव्हते. आई लोकांच्या बागांत संत्रा तोडायला जायची. एक दिवस तिनं माझी पिशवी भरली, पांढुर्ण्याला आपल्या बहिणीच्या ओट्यावर मला आणून बसवलं आणि म्हणाली, याला तुझ्यापाशी ठेव, काही शिकला तर शिकला. किती दिवस, हे मावशीनं विचारलंसुद्धा नाही. माझ्यापुढे ताट सरकवलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि भाजीवर कच्चं तेल. आईला म्हणाली, तू पण बस, आणि आई म्हणाली, नको, मोटर सुटेल. बस सुटायला बराच वेळ होता. मला ठाऊक होतं, मावशीलाही.

घर स्टेशनच्या अंगाला होतं. मालगाडी गेली की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे आणि मावशी फोडणी देता देता एका हातानं ते धरायची, तिकडे न बघता. मावसाजींचं मोटर वायंडिंगचं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर. जळलेल्या मोटरी यायच्या, आम्ही जुनी तार काढायचो, नवी भरायचो, वर वार्निश. वार्निशचा तो वास संध्याकाळी आमच्यासोबत घरी यायचा आणि पाटवड्यांच्या रश्श्याच्या वासात मिसळायचा. आजही कारखान्यात कुठं वार्निश तापलं की मला जेवायची वेळ झाल्यासारखं वाटतं. मावसाजी बोलायला कमी. चुकलं तर हातातून वस्तू काढून घ्यायचे आणि स्वतः करून दाखवायचे. तो त्यांचा राग आणि तीच त्यांची शाळा.

मोटरींसोबत स्टार्टरही यायचे, आणि स्टार्टरमध्ये बसवायचं एक डबडं असायचं, तिन्हीतली एक फेज गेली की मोटर बंद करणारं. त्याला प्रिव्हेंटर म्हणायचे. बागायतदारांची सगळी भिस्त त्या डबड्यावर. आतली पट्टी, म्हणजे जिच्यावर तांब्याच्या रेषा असतात तो सर्किटचा बोर्ड, एकदा जळली की तांबं पापुद्र्यासारखं सुटून यायचं आणि नागपूरहून नवा डबा येईपर्यंत शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. मला एकदा रद्दीत इलेक्ट्रॉनिक्सचं एक हिंदी मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं की असा बोर्ड घरी करता येतो. नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. प्रिंटरची काळी शाई म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. ती तापून तांब्याला चिकटते. मग कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं, शाईखालचं तेवढं राहतं. मी तो लेख इतक्यांदा वाचला की घडीवर कागद फाटला. शाळेतलं एकही पान मी कधी असं वाचलं नव्हतं.

कागदावरच माझे बरेच दिवस गेले. झेरॉक्सवाल्याकडचा कागद धड सुटेना. मग साडीच्या दुकानातून जुनी कॅटलॉगं आणली, त्यांचं पान पातळ आणि चकचकीत. झेरॉक्सवाला पवन, माझ्याहून थोडासाच मोठा, त्याला माझी गंमत वाटायची. पैठणी नेसलेल्या बाईच्या अंगावर हा काय नळाचा नकाशा छापून राहिला बे, म्हणायचा. मी घरी येऊन न्हाणीत बसायचो. इस्त्री दाबली की कागद आधी जरा कुरकुरतो, मग शांत होतो, आणि त्याच्या पाठीवर रेषा उमटून दिसायला लागतात, उन्हात वाळत घातलेल्या ओल्या साडीतून पलीकडची भिंत दिसावी तशा. कमी तापलं तर शाई कागदातच राहते, जास्त दाबलं तर पसरते आणि दोन रेषा एक होतात. कुठं तुटलं तर मी वंदाताईच्या जुन्या नेलपॉलिशनं जोडायचो. फेरिक मावसाजींनीच नागपूरहून आणून दिलं, पिवळ्या मातीच्या ढेकळांसारखं. गरम पाण्यात टाकलं की चहासारखा रंग आणि जिभेला नुसत्या वासानं लोखंडाची चव. पहिला बोर्ड चालला तेव्हा मावसाजींनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि स्टार्टरमध्ये बसवून शेतकऱ्याला देऊन टाकला. मला काही बोलले नाहीत. घरी मात्र मावशीला म्हणाले, याच्या हाताले काही तरी हाय. मावशीनं ते मला शेजारणीकरवी कळू दिलं.

पण फेरिकचा डाग जात नाही. न्हाणीची फरशी पिवळी झाली, बादलीचा कान गळून पडला, मावशीच्या लुगड्याच्या काठावर गंजासारखे ठिपके आले. तिनं काठ दुमडून टाके घातले. मग एकदा माझ्या हातून इस्त्रीच्या बुडाला शाई चिकटून राहिली आणि मावसाजी पाठीवर एका प्रिव्हेंटरचा अर्धा नकाशा घेऊन लोधीखेड्याला लग्नाला जाऊन आले. तिथं कुणीतरी विचारलं, भाऊ, ही लाइन कुठं जाते? सगळा मांडव हसला म्हणतात. मावसाजींना हसणं सहन होत नसे. आल्याबरोबर त्यांनी सदरा काढून माझ्यापुढे टाकला. "हे पाणी अन् ही इस्त्री घरात आता दिसली नाही पाहिजे," ते म्हणाले. "जे करायचं ते दुकानात कर. आणखी एक भानगड झाली तं रामाकोन्याच्या गाडीत बसवून देईन." ते रागानं बोलले होते आणि तो राग रात्रीच्या जेवणापर्यंत उतरलाही असेल, पण माझ्यात ते वाक्य उतरलं ते तसंच राहिलं. रामाकोन्याला परत जायचं म्हणजे आईनं ज्या बहिणीच्या भरवशावर मला सोडलं तिच्या दारातून नालायक ठरून जायचं. आणि तिथं संत्र्याच्या पेट्या उचलण्यावाचून दुसरं काही नव्हतं. मी फेरिकचं पाणी दुकानात नेलं. अर्धं. अर्धं टबात, न्हाणीमागच्या लाकडांआड झाकून ठेवलं, कारण दुकानात पाणी गरम करायची सोय नव्हती. कारण म्हणून ते पुरेसं होतं असं मला तेव्हा वाटलं.

मावशीच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या. आमच्याकडे ज्यांच्या घरी बसतात त्यांच्या घरात भादव्याचा तो आठवडा वेगळाच असतो, चुली निवतच नाहीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, दोघींचे पितळी मुखवटे. मावशीच्या सासूबाईंचे. सासूबाई शेवटी धाकट्या सुनेजवळ, म्हणजे मावशीजवळ राहिल्या, म्हणून जाताना मुखवटेही तिच्याच हाती देऊन गेल्या. मोठी सून सौंसरला. आम्ही तिला सौंसरच्या काकू म्हणायचो. मोठेपणाचा मान तिचा होता आणि लक्ष्म्या धाकटीकडे, हे काकूंनी कधी उघड बोलून दाखवलं नाही, पण दरवर्षी त्या आवाहनाच्या सकाळी पहिल्या गाडीनं यायच्या आणि मावशीनं केलेल्या प्रत्येक गोष्टीला एकदा हात लावून ती जरा सरकवायच्या. समई, चौरंग, आंबिलीचं पातेलं. मावशी सरकवू द्यायची. मुखवटे मात्र त्यांच्या येण्याआधीच लख्ख करून ठेवायची. चिंच आणि मीठ लावून, मग राखेनं, मग सुती फडक्यानं, डोळ्याभुवयांची रंगवलेली रेघ सांभाळत. वर्षभर राख-मातीनं तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असत. त्यांत चिंच गेली की ती नुसतं 'स्स' करायची आणि घासत राहायची. मी दोन वर्षं ते बघितलं होतं. त्या घरात मी खात होतो, झोपत होतो, आणि मला तिच्यासाठी करता येईल असं एकही काम तिनं माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नव्हतं. पाणी भरायच्या आधी भरलेलं असायचं.

त्या वर्षी मी ठरवलं की मुखवटे मी उजळायचे. फेरिक तांबं खातं हे मला माहीत होतं. पण हे पितळ होतं, आणि पितळ मला वेगळा धातू वाटायचा, जसं लोखंड वेगळं आणि शिसं वेगळं. स्टार्टरमधला काळा पडलेला पितळी बोल्ट मी एकदा त्या पाण्यात बुडवून लगेच काढला होता, तो नव्यासारखा निघाला होता. एवढ्यावर माझा विश्वास. पितळेत अर्ध्याहून जास्त तांबंच असतं, हे दहावीच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक मी विकत घेऊन वाचलं ते इथं दक्षिणेत, होसूरच्या कारखान्यात आल्यावर, मला कामावर मिश्रधातू समजावून सांगणाऱ्या पोराला आपल्याला ते माहीत नाही हे कळू नये म्हणून. त्या पानावर पितळेचं नाव आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही.

आवाहनाचा आदला दिवस होता. मावशी सोळा भाज्यांची जमवाजमव करायला बाजारात गेली होती. मी पाणी तापवलं, लाकडांआडचा टब काढला आणि कनिष्ठेचा मुखवटा त्यात सोडला. ज्येष्ठेला बाहेर ठेवलं, आधी एक बघू म्हणून. तेवढ्यात ओट्यापाशी मोटारसायकल थांबली आणि मावसाजींची हाक आली. नदीपलीकडच्या सावरगावात एका बागेतला स्टार्टर गेला होता, मागं बस, म्हणाले. मी म्हणालो, आलोच. ते म्हणाले, आलोच नाही, आता. त्यांचा पाय किकवर होता आणि न्हाणीचं दार त्यांना दिसत होतं. टब काढायला गेलो असतो तर टब दिसला असता. मी टबावर गोणपाट टाकलं आणि मागं बसलो.

जाम नदीच्या पुलावरून जाताना मी मनाशी म्हणालो, जाऊन यायला कितीसा वेळ. पण त्या बागेत नुसता स्टार्टर नव्हता गेला, केबलही जळली होती. बागवाल्याच्या कपाळावर पट्टी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून ही दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार होऊन थोडेच दिवस झाले होते. तो मावसाजींना म्हणाला, तुमच्या पांढुर्ण्याचाच गोटा हाय भाऊ, मजुरीत काही सूट द्या. मावसाजी म्हणाले, आमच्याकडेही तुमच्या गोट्यानं दोघं-तिघं झोपून आहेत. दोघं हसले, चहा आला, केबल उकरायला घेतली. मी पंपाच्या खोलीत स्क्रू काढायचा पेचकस धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे तो टब होता. एक शब्द बोललो असतो तर मावसाजींनी मला गाडीवर घालून पळवलं असतं, मला खात्री आहे. मुखवट्याचं काही झालं नसतं, थोडा काळवंडला असता. तो शब्द तोंडापर्यंत आला की सोबत रामाकोन्याची गाडीही यायची. मी केबल सोलत राहिलो. बागवाला म्हणाला, पोरगं मन लावून काम करून राहिलं तुमचं.

दिवेलागणीला आलो तेव्हा मावशी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती. कनिष्ठा तिच्या मांडीवर, पदरानं पुसून कोरडी केलेली, आणि पदर पिवळा. मुखवट्याचं पितळ गुलाबी, मळकट झालं होतं, गाल संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत. नाकाच्या शेंड्याला, जिथं पत्रा ठोकून ठोकून पातळ झालेला असतो, ज्वारीचा दाणा जाईल एवढं भोक पडलं होतं. आणि डोळे तसेच होते. काळ्या रंगानं रंगवलेले ते डोळे, भुवया, कपाळावरचं लाल कुंकू, सगळं जसंच्या तसं. भोवतीचं पितळ खाली गेल्यामुळे ते वर उठून आले होते, अगदी माझ्या बोर्डावरच्या रेषांसारखे. रंगाखालचं वाचतं. मी आजवर केलेल्या कामांत इतकं साफ काम दुसरं नव्हतं, आणि ती कनिष्ठा माझ्याकडे बघत होती.

मी रडायला लागलो. मावशी मला जवळ घेणारी बाई नव्हती, तिनं घेतलंही नाही. तिनं एवढंच विचारलं, हे पाणी कुठं फेकू, नालीत फेकलं तं कोणाची गाय पिणार नाही ना. मग म्हणाली, हात धू. मी धुतले. फेरिकचा पिवळा रंग पाण्यानं जात नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं काकू आल्या. त्यांनी पिशवी ठेवली, पाय धुतले, आणि नेहमीसारख्या चौरंगाकडे वळल्या, समई सरकवण्यासाठी. ज्येष्ठेशेजारी कनिष्ठेवर फडकं झाकलेलं होतं. ते त्यांनी उचललं. मावसाजी स्टुलावर चढून आंब्याची डहाळी दाराला बांधत होते, ते तसेच वळले. त्यांनीही तेव्हाच पाहिलं. मावशीनं रात्री त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मुखवटा पाहिला, मग माझे हात पाहिले. ज्या माणसानं फेरिक विकत आणलं त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यांचं तोंड उघडलं.

"माह्या हातून झालं," मावशी म्हणाली. "चिंचेत राहून गेली."

काकू मुखवटा उजेडाकडे फिरवत होत्या. "चिंचेनं नाक जाते काय व?"

"जुनं पितळ होतं, बाई. खंगलं असन."

मी एक पाऊल पुढे झालो. मला आठवतं, माझा श्वास आत गेला होता, वाक्य तयार होतं. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाय, केळीचे पानं घेऊन ये. अन् तुम्ही याले गाडीवर नेऊन द्या." शेवटचं मावसाजींना. आणि मावसाजी, ज्यांनी मला गाडीत बसवून देईन म्हटलं होतं, डहाळी तशीच लोंबकळत सोडून खाली उतरले आणि मला घेऊन गेले. पानं देणाऱ्याशी नेहमीसारखी घासाघीस केली. परत येताना पुलाच्या अलीकडे गाडी हळू केली आणि म्हणाले, तुही मावशी एकदा बोलली की मीसुद्धा तिच्यापुढे जात नाही. एवढंच. मला मार हवा होता. मला कुणी मारलं नाही.

आम्ही आलो तोवर निकाल झाला होता. खंडित मुखवटा बसवत नाहीत, म्हणून कनिष्ठेच्या जागी गडव्यावर, म्हणजे पाण्याच्या तांब्यावर, कुंकवानं डोळे काढून तो बसवायचा. आणि जिच्या हातून लक्ष्मी खंडली तिनं यंदा बसवायचं नाही, पूजेला शिवायचं नाही. काकू बसवतील. पुढच्या सालापासून लक्ष्म्या सौंसरला जातील, मोठ्या घरी. तिथं कासार डाग देऊन नाकाचं भोक बुजवेल आणि मग त्या बसतील. हे सगळं काकूंनी आवाज न चढवता सांगितलं असावं, कारण घरात भांडण झाल्याची काही खूण नव्हती. मावशी स्वयंपाकघरात पडवळ चिरत होती.

ते तीन दिवस ती बैठकीत आली नाही. सोळा भाज्या तिनं केल्या, पुरणाच्या पोळ्या, आंबील, कढी, वडे, वर टांगायच्या फुलोऱ्यातल्या पापड्या आणि करंज्या, सगळं तिच्या हातचं. आणि दारापाशी येऊन ताट उंबऱ्यावर ठेवायची, ते काकू आत न्यायच्या. आरती सुरू झाली की स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ती टाळ्या वाजवायची, त्या मला मधल्या भिंतीतून ऐकू यायच्या, सगळ्यांच्या टाळ्यांहून किंचित मागं. बायका हळदीकुंकवाला आल्या, घरधनीण कुठं आहे म्हणून विचारायच्या, काकू म्हणायच्या, औंदा माह्याकडे हाय. मी पंक्तीत बसलो. वाढणारीनं माझ्या पानावर पुरणपोळी वाढली, त्यावर तूप. मी खाल्ली. ती फार चांगली झाली होती, हे मला लिहायला लाज वाटते, पण झाली होती, आणि मी दुसरी मागून घेतली.

विसर्जनानंतर काकूंची पिशवी घेऊन मी बसस्टँडवर गेलो. दुसऱ्या पिशवीत दोन्ही मुखवटे मऊ साडीत बांधलेले, ती त्यांनी स्वतः धरली होती. सौंसरची गाडी लागली होती. मी सगळी हिंमत तिथंच गोळा केली आणि म्हणालो, काकू, ते मावशीनं नाही केलं.

त्या पायरीवर चढल्या होत्या, परत खाली उतरल्या. "मले काय डोळे नाहीत? तुहे हात पाहिले मी आल्या आल्या." मग पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तिनं सांगतलं, मी ऐकलं. माह्या सासूच्या लक्ष्म्या माह्या घरी येऊन राहिल्या, मी कायले नाही म्हणू? पण तू आता गावभर सांगत फिरला, तं तिनं सोडल्या त्या फुकट सोडल्या. कळते का काही? काम शीक."

गाडी गेली. काकूंनी ते लबाडीनं केलं की सरळ मनानं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी माझी सत्य बोलायची वाट बंद करून टाकली आणि वर आशीर्वादही दिला. मी काम शिकलो. मावसाजींनी दुकानामागं पत्र्याची शेड घालून दिली, तिथं चूल, तिथंच फेरिक. पुढे माझे बोर्ड पाहून नागपूरच्या एका कारखानदारानं मला नेलं, तिथून एकानं दुसऱ्याकडे पाठवलं, असं करत मी या होसूरला पोचलो. इथं बोर्ड पट्ट्यावरून चालत जातात, कुणी इस्त्री दाबत नाही. तांबं खाणाऱ्या त्या टाक्यांच्या रांगेवर मी पाळीचा प्रमुख आहे. नववी नापास माणसाला एवढं पुष्कळ झालं. पोरं मला सर म्हणतात. नवीन पोरगं आलं की मी पहिल्यांदा त्याला विचारतो, पितळेत काय असतं. त्यांना वाटतं ही परीक्षा आहे.

भादव्यात मी कधी सुट्टी मागितली नाही. दिवाळीला जायचो, लग्नांना जायचो, आई गेली तेव्हा गेलो. महालक्ष्म्यांना, पाळी आहे, माणूस नाही, म्हणून फोन करायचो, आणि मावशी म्हणायची, असू दे, नोकरी पहिले. गेल्या साली गेलो. मावसाजींना आता काठी लागते, ऐकू कमी येतं, ते घरीच राहिले. मी आणि मावशी दुपारच्या गाडीनं सौंसरला गेलो, ती दरवर्षी जाते तशी, पाहुणी म्हणून, हातात नारळ आणि खण. काकू आता अंथरुणाला आहेत. त्यांची सून बसवते. मी कनिष्ठा इतक्या वर्षांनी पाहिली. नाकाला डाग दिलेला, त्यावर मोठी नथ. सुनेनं कौतुकानं मला सांगितलं, आमच्या धाकटीचे डोळे पहा कसे, असे डोळे कोणाच्याच लक्ष्मीचे नाहीत. मावशी म्हणाली, हो ना. आरतीला सुनेनं तिला ताट धरायला बोलावलं. तिनं हात जोडले आणि भिंतीशी सरकली, मागच्या बायकांत.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी ती बसली होती, मांडीवर प्रसादाची पुडी. रामाकोन्याचा फाटा मागं गेला. मी विचारलं. कसं विचारलं ते नीट आठवत नाही, पण विचारलं, की तू तेव्हा का अंगावर घेतलं, आणि मला का बोलू दिलं नाही.

ती हसली. "अजून तेच घेऊन बसला काय रे? सोळा भाज्या, फुलोरा, पंगती. गुडघे राहिले असते का माहे? सुटली मी, बापा."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. सबंध रस्ता मी तिच्याशी मोकळं बोलत आलो, होसूरच्या, इडलीच्या, तिथल्या भाषेच्या गोष्टी सांगत. ती मधूनमधून पदर तोंडाला लावून हसत होती.

घरी आलो. मावसाजींनी काठी टेकत दार उघडलं आणि दिवा लावला. उंबऱ्यापासून आत, फरशीवर, लक्ष्म्यांच्या आवाहनाला काढतात तशी हळदीकुंकवाची छोटी पावलं काढलेली होती. सकाळी मला स्टेशनवर घ्यायला ती शेजारच्या पोराला पाठवून स्वतः घरी का थांबली होती, मला मागच्या दारानं आत घेऊन दुपारपर्यंत स्वयंपाकघरातच का बसवलं, आणि निघतानाही आम्ही मागच्या दारानंच का निघालो, ते मला तेव्हा कळलं. पावलं बैठकीतून नीट ओळीनं गेली होती, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी चौरंग असायचा आणि आता काहीच ठेवलेलं नव्हतं, तिथं जाऊन थांबली होती. मावशीनं पुडी देवापाशी ठेवली आणि पाणी आणायला आत गेली. मावसाजी भिंतीला हात लावत, काठी जपून टेकत, एकही पाऊल न पुसता कडेकडेनं तिच्यामागं गेले. दरवर्षी जात असणार तसे.

मी चपला बाहेर काढल्या आणि भिंतीला खेटून आत गेलो.